अस्वलाचा वाटा आणि न्यूयॉर्कचा कायदा

कोल्हापूरच्या एका विधी महाविद्यालयात मी बरीच वर्षं अमेरिकेचा व्यापारी कायदा शिकवते. विषय ऐच्छिक आहे, म्हणजे ज्यांना दुसऱ्या कुठल्या वर्गात जागा मिळत नाही ती मुलं नाइलाजानं माझ्याकडे येतात. अमेरिका मी पाहिलेली नाही. हौसेनं काढलेला पासपोर्ट कपाटात कोरा पडून आहे. तो कायदा जित्याजागत्या माणसांमध्ये वावरताना मी पहिल्यांदा पाहिला तो यंदाच्या जानेवारीत, भामरागडच्या अलीकडे जंगलात वसलेल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर चालेल का, असं विचारून आले आहे, पण ग्रामसभेत त्यावर अजून एकमत व्हायचंय.

बोलावणं सुवर्णाचं होतं. ही माझी जुनी विद्यार्थिनी, मूळची गोंडपिपरीची. शिकायला कोल्हापुरात होती तेव्हा मेसच्या तांबड्या रश्श्यावर रोज नाक मुरडायची. आता चंद्रपूरच्या कोर्टात वकिली करते.

"मॅडम, इथल्या जंगलातल्या बायांले अमेरिकेतून चारोळीची मागनी आली हाय," ती फोनवर म्हणाली. "करार न्यूयॉर्कच्या कायद्याचा हाय. तुमी शिकवलेलं थोडं थोडं आठवून राह्यलं, पन सही कराले भेव लागते. तुमी याच."

चारोळीशी माझा संबंध बासुंदीवर टाकायच्या चिमटीपुरता. पण इतक्या वर्षांत माझ्या विषयासाठी मला कुणी कुठे बोलावलं नव्हतं. मी बॅग भरली.

चंद्रपूर

गोंड राजांनी बांधलेला परकोट अजून शहराला वेढा घालून उभा आहे आणि त्याच्या वेशींतून रिक्षा, बस आणि सायकली एकमेकींना जराही वाट न देता आत-बाहेर करतात. सकाळी लॉजच्या गॅलरीत वाळत घातलेला माझा पांढरा रुमाल दुपारी करडा झाला होता. "कोळशाचं गाव हाय मॅडम, पांढरं घालाचंच नाई," सुवर्णा म्हणाली, आणि तिचा काळा कोट पाहून मला ते पटलं.

तिथेच डॅनियल भेटला. अमेरिकेत सुकामेवा आणि बिया विकणाऱ्या एका छोट्या कंपनीचा हा माणूस माल पाहायला आणि करारावर सही घ्यायला आला होता. उंच, लाजाळू, आणि ऊन नसतानाही चेहऱ्याला पांढरं मलम थापलेला. सुवर्णानं त्याला कोर्टासमोरच्या टपरीवर तर्री पोहे खायला नेलं. पोह्यांवर लाल तर्री ओतली गेली तेव्हा तो हसत होता. पहिल्या घासानंतर त्याला उचकी लागली ती थेट बल्लारपूर येईपर्यंत. मी कोल्हापूरची, त्यामुळे मला काही होणार नाही अशा थाटात मी दोन प्लेटी खाल्ल्या, आणि रात्री गुपचूप सुवर्णाकडून पोटाची गोळी मागून घेतली.

गोंडपिपरी

सुवर्णाची गाडी, सुवर्णाच चालवणार. गोंडपिपरीला तिच्या आईकडे जेवायला थांबलो. धान निघून गेलेलं होतं, भाताच्या बांध्यांमध्ये लाखोळीच्या डाळीची हिरवी रोपं वर आली होती. आमच्याकडे जानेवारीत ऊस तोडणीची धांदल असते, सगळा मुलूख घाईत असतो. इथे शेतं निवांत बसलेली दिसली. वांग्याची भाजी, भात, वरून लाखोळीच्या डाळीचे वडे. डॅनियलला वाढताना आईंचा हात काही थांबेना, आणि 'पुरे' कसं म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"अमेरिकेत बी कोर्ट-कचेरी असते का वं?" आईंनी मला विचारलं.

"असते की. आणि एक नाही, पन्नास राज्यांची पन्नास. वर केंद्राची वेगळी."

"बापा! मंग कायदा कोनाचा चालते?"

प्रश्न अगदी माझ्या पहिल्या तासाचा होता. मी सरसावून बसले. सगळ्यांत वर संविधान. त्याखाली संसदेनं आणि राज्यांच्या विधिमंडळांनी केलेले कायदे. मग सरकारी खात्यांचे नियम. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेले कोर्टाचे निवाडे: एका भांडणात न्यायाधीशानं जे ठरवलं, ते पुढच्या तशाच भांडणाला लागू. व्यापाराचे कायदे राज्याराज्यांत वेगवेगळे असल्यानं व्यापाऱ्यांचे फार हाल व्हायचे, म्हणून जाणकारांनी एक समान संहिता लिहिली आणि ज्या त्या राज्यानं ती आपल्या विधिमंडळात मंजूर करून घेतली. एका राज्यानं मात्र त्यातलं खरेदी-विक्रीचं प्रकरण आजवर घेतलेलं नाही.

"एक घर तसं असतेच," आई म्हणाल्या आणि डॅनियलच्या पानात आणखी एक वडा टाकला.

आलापल्लीच्या पुढे

आष्टीला वैनगंगा ओलांडली, आलापल्लीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सागवानात शिरलो. असे सरळसोट, इतके उंच साग मी आयुष्यात पाहिले नव्हते. मान वर करून पाहायच्या नादात मी सुवर्णाला खड्डा दाखवायला विसरले आणि टायर बसला. डॅनियलनं बाह्या सरसावल्या आणि मुकाट्यानं टायर बदलला. तेवढ्यात मी अस्वलाबद्दल चौकशी केली आणि सुवर्णानं 'हायेत ना' असं इतक्या सहज सांगितलं की पुढचा सगळा वेळ मी गाडीत काचा लावून बसले.

हेमलकशाला चहा घेतला. तिथल्या दवाखान्यात आलेली माणसं झाडाखाली चुली मांडून सहकुटुंब राहतात, रोगी एक आणि सोबतीला अख्खं घर. आमच्याकडे भेटायची वेळ संपली की वॉर्डबॉय हाकलतो. मला इथली रीत आवडली.

गावात

जानीबाईनं आम्हाला हात धरून गाडीतून उतरवलं. चाळिशीची, ठसठशीत, बोलकी बाई. गावच्या ग्रामसभेची अध्यक्ष तीच, आणि चारोळी फोडणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुखही तीच. गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, मागच्या खोलीत तिनं आम्हाला बी फोडायचं मशीन दाखवलं. उन्हाळ्यात गोळा केलेल्या चारांच्या, म्हणजे चारोळीच्या फळांच्या, बिया पोत्यांत भरून ठेवल्या होत्या, मशीनवर नीट कापड झाकलेलं होतं.

"बंद का आहे?" मी विचारलं.

"फोडून ठेवलं तं घेनार कोन? व्यापारी अख्खी बी नेते, फोडाचं काम तिकडंच होते," ती म्हणाली. "हा करार झाला तं मशीन बाराही महिने चालन. नाई झाला तं उद्या सकाळी मिरचीची गाडी येऊन राह्यली."

मिरचीची गाडी म्हणजे मुकादमाची पिकअप. दर हिवाळ्यात ती इथल्या बायकांना मिरची तोडायला तेलंगणात नेते आणि होळीच्या सुमारास परत आणून सोडते. यंदाही जानीबाईची सून सुनीता जाणार होती. तिची लहानगी पोर अंगणात आमच्याकडे टुकूटुकू बघत होती. मागच्या वर्षी तिकडून आली तेव्हा पोरीचे डोळे मिरचीच्या तिखट धुळीनं सुजलेले होते. "सुनेनं न्यावं तरी जीव तुटते, ठेवावं तरी तुटते," जानीबाई म्हणाली. त्यानंतर मला त्या मशीनकडे नुसतं यंत्र म्हणून पाहताच येईना.

जेवणात भात, मोहरीच्या तेलात परतलेली रानभाजी आणि लाल मुंग्यांची चटणी. मुंग्या म्हटल्यावर मी दचकले, पण चटणी आंबट-तिखट, जिभेला झणका देणारी निघाली. मी दुसऱ्यांदा मागितली तशी सुनीता तोंडाला पदर लावून हसली. डॅनियलनं चटणीची चव घेतली आणि ही बाटलीत भरून विकता येईल का, असं विचारलं.

दुपारी गोटुलात सभा बसली. डॅनियल इंग्रजीत बोले, मी ते मराठीत सांगे, आणि जानीबाई तिथल्या माडिया भाषेत. मी म्हटलं, करार व्हायला तीन गोष्टी लागतात. एकानं प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्यानं तो स्वीकारायचा, आणि दोघांनी एकमेकांना काहीतरी द्यायचं; कोरड्या एकतर्फी आश्वासनाला तिकडचं कोर्ट सहसा विचारत नाही. जानीबाई यावर बराच वेळ बोलली आणि म्हातारी माणसं रागारागानं माना हलवू लागली.

"काय सांगितलंस त्यांना?"

"पयले व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी नेत होते, थे सांगतलं. थे इचारून राह्यले, तसा सौदा अमेरिकेत चालते का?"

मला खरं बोलणं भाग होतं. फसवणूक किंवा उघड अन्याय नसेल तर तिथलं कोर्ट बरोबरीचा मोबदला मिळाला का हे पाहत नाही. काहीतरी मिळालं एवढं त्याला पुरतं. भाव आपला आपण नीट ठरवायचा असतो. हे ऐकल्यावर त्यांनी भावाचं कलम पुन्हा वाचायला लावलं, डॅनियलला घाम फोडला, आणि मनासारखं करून घेतलं. सुवर्णा मध्येच माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होती. एवढा रंगलेला वर्ग मला जन्मात मिळाला नव्हता.

शेवटी डॅनियलनं विचारलं, "कुणाची काही हरकत?"

कुणीच बोललं नाही. सगळे जमिनीकडे पाहत शांत बसले. मी पाच-दहा क्षण वाट पाहिली आणि डॅनियलला म्हटलं, झालं तुझं काम. तो आनंदानं उठला, एकेकाचा हात हातात घेऊन हलवू लागला. लोकांनीही पाहुण्याचं मन राखायला हात दिले. मग तो टेकडीवरच्या खडकाकडे गेला, कारण गावात फोनला रेंज तेवढ्याच जागी मिळते, आणि करार झाल्याचं त्यानं कंपनीला कळवूनही टाकलं.

मी जानीबाईला मिठी मारायला गेले तर तिचे डोळे भरलेले.

"पडला ना ठराव, मॅडमबाई."

"पडला? कुणी नाही म्हटलं नाही की!"

"हो बी कोनी म्हटलं नाई ना. आमच्या इथी हो असलं तं एकेक घर तोंडानं बोलते. एक बी घर चूप राह्यलं तं ठराव होत नाई. पयलं घर मासेबाईचं. थेच बोलली नाई, मंग बाकीचे कसे बोलतीन?"

आमच्या सोसायटीच्या सभेत 'हरकत नाही ना?' म्हणून सेक्रेटरी लगेच पुढच्या विषयावर जातो, आणि नंतर जिन्यात सगळे त्याच्या नावानं खडे फोडतात. तीच सवय मी इथे घेऊन आले होते. कहर म्हणजे गप्प राहणं हा होकार नाही, हे अमेरिकेच्या करार कायद्याचंही पहिल्या धड्यातलं तत्त्व. मी ते दर वर्षी फळ्यावर लिहिते.

मासेबाईच्या अंगणात

ऊन उतरायच्या आत आम्ही मासेबाईकडे गेलो. गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई, अंगानं काडी, कपाळावर आणि हातांवर गोंदण. ती शेकोटीपाशी टोपली विणत होती. जानीबाईनं विचारलं, आणि म्हातारीनं मान वर न करता उत्तर दिलं.

"थे म्हनते, कागदात 'सगळी चार' देऊन टाका असं लिवलं हाय. सगळी देल्ली तं अस्वल काय खाईन? पाखरं काय खातीन? उद्या त्या मानसानं म्हटलं का शेंड्यावरची बी तोडा, तं पोट्टे फांद्याच तोडून आनतीन."

करारात गावानं 'संपूर्ण उत्पादन' द्यायचं असं होतं खरं. मी वाचताना ते मला नेहमीचं कलम वाटलं होतं. या गावात झाडाच्या शेंड्यावरची फळं कुणी तोडत नाही, ती जंगलाची. आणि ही रीत कुठे लिहिलेली नसल्यामुळे आम्हा दोघी वकिलांच्या ती ध्यानातही आली नव्हती.

आता मात्र मला हुरूप आला. मी त्यांना सांगितलं की त्या समान संहितेत अशा कलमाचा अर्थ दिलेला आहे: संपूर्ण उत्पादन म्हणजे विकणाऱ्याच्या हातून सचोटीनं जेवढं निघेल तेवढं. झाड ओरबाडून आणा, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय धंद्यात पाळली जाणारी रीत करार वाचताना धरावी, असंही तिथे म्हटलंय. पण गावाची रीत तिकडच्या कोर्टात सिद्ध करत कोण बसणार? त्यापेक्षा ती कागदावरच लिहून घेऊ.

मासेबाईनं हे सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, आणि जानीबाईनं ते मला सांगितलं: "थे त्या मानसाले कबूल हाय का? असन तं त्यानं तोंडानं बोलावं. मंग मी बोलीन."

मिरचीच्या गाडीची सकाळ

धुक्यातच सभा पुन्हा बसली. कडेला काही बायका गाठोडी घेऊन उभ्या होत्या, त्यांत सुनीता, पाठीशी पोर बांधलेली. मी डॅनियलला कालचा घोटाळा सांगितला, आणि गप्प बसणं तुमच्याच कायद्यात होकार धरत नाहीत, हेही. तो कानापर्यंत लाल झाला. कॉलेजात तो तास बहुतेक मी झोपेत काढला, असं म्हणाला. माझी किती मुलं पुढे असंच कुणाला सांगत असतील, असं मनात येऊन गेलं.

अस्वलाचं कलम त्याला पटलं होतं. पण त्यानं हात वर केले. कंपनीनं त्याला भाव वरखाली करायचा आणि ठरलेल्या मसुद्यावर सही करायचा अधिकार दिला होता. दुसरं कुठलं कलम बदलायचा अधिकार त्याला नव्हता. त्यासाठी वरच्या लोकांना विचारावं लागणार होतं. मी हे सांगितलं, जानीबाईनं माडियात सांगितलं, आणि कालपासून गंभीर बसलेली सभा खदखदून हसली.

"काय झालं?" डॅनियलनं घाबरून विचारलं.

"म्हनून राह्यले, याच्या इथी बी ग्रामसभा हाय," सुवर्णा हसू आवरत म्हणाली.

डॅनियल टेकडीवर पळाला. तिकडे रात्रीची जेवणाची वेळ होती, म्हणजे कुणीतरी फोन उचलेल अशी आशा होती. इकडून त्याची आकृती खडकावर हातवारे करताना दिसत होती. अर्थ मात्र काही लागत नव्हता. मी कधी नाही ती मनातल्या मनात अंबाबाईला हाक मारली.

आणि नाल्यापलीकडे पिकअपचा हॉर्न वाजला.

गाडी गोटुलासमोर येऊन थांबली. मुकादमानं खाली न उतरताच हाका मारायला सुरुवात केली. दोन बायका जाऊन चढल्या. सुनीतानं एकदा सासूकडे पाहिलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती गाडीकडे चालू लागली. जानीबाई तिला थांब म्हणू शकत नव्हती. कशाच्या भरवशावर म्हणणार?

तेवढ्यात डॅनियल उतारावरून धावत आला. नाल्यातल्या गोट्यावरून पाय घसरून तो कमरेइतका भिजला, उठला आणि तसाच निथळत सभेत शिरला. मासेबाईसमोर उभं राहून त्यानं सुवर्णानं शिकवलेला शब्द मोठ्यानं म्हटला, "हो!" मग इंग्रजीत सगळं सांगितलं: शेंड्यावरची फळं झाडावरच राहतील, गाव खाली जेवढी तोडेल तेवढ्यालाच संपूर्ण उत्पादन म्हणायचं. सुवर्णानं ते करारावर पेनानं लिहिलं. त्यानं शेजारी सही केली. कागदाला पाण्याचा डाग पडला तो पडलाच.

मासेबाईनं टोपली बाजूला ठेवली आणि म्हणाली, हो.

मग घरं बोलू लागली. कुणी बसून, कुणी उठून, कुणी खाकरून, एका घराची दोन माणसं एकदमच. मुकादम हॉर्नवर हात ठेवून बसला होता, त्याच्यावर आवाज चढवून माणसं आपला होकार सांगत होती. गाडीत चढलेल्या दोघी उड्या मारून खाली आल्या आणि आपापल्या घरांच्या वतीनं बोलल्या. तोवरचं एकही घर सुटलं नाही.

अध्यक्षाचं घर सगळ्यांत शेवटी बोलतं. जानीबाई उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, पण तिच्या घशातून आवाज फुटेना. दोन दिवस दोन भाषांत अखंड बोलणारी ती बाई पदर तोंडाला लावून नुसती उभी राहिली. कुणी तिला हात लावला नाही, दुसऱ्या घराचं कुणी तिच्या वतीनं बोललं नाही. रीत म्हणजे रीत. तिचं घर बोललं नाही तर ठराव होणार नव्हता. मुकादमालाही काय वाटलं कोण जाणे, त्यानं हॉर्नवरचा हात काढला.

गाडीच्या फळीवर एक पाय ठेवलेली सुनीता मागे वळली. डोक्यावर गाठोडं, पाठीवर झोपलेली पोर.

"आमचं घर," ती म्हणाली, "हो."